टर्बो गाडीचा गिअरबॉक्स हॉर्सपॉवर बघून निवडू नका

टर्बो गाडी मॉडिफाय करायची म्हटली की सगळी चर्चा मोठा टर्बो, इंटरकूलर, एक्झॉस्ट आणि रिमॅपवरच (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) होते, गिअरबॉक्सचा विषय निघतो तो थेट दात तुटल्यावर. आणि तेव्हाही लोक विचारतात काय, तर "हा गिअरबॉक्स किती हॉर्सपॉवर झेलेल?" हा प्रश्नच चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे, का ते सांगतो.

उदाहरण म्हणून २००२ ची अमेरिकेत विकली गेलेली सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स घेऊ. दोन लिटर टर्बो इंजिन, २२७ हॉर्सपॉवर, पाच गिअरचा मॅन्युअल. त्याच काळातली होंडा एस२००० पण दोन लिटरचीच, टर्बो नाही, २४० हॉर्सपॉवर. कागदावर होंडा पुढे. पण टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, बघा, होंडाचा २०७ न्यूटन मीटर आणि सुबारूचा २९४, तोही ४००० आरपीएमलाच. होंडा ८३०० आरपीएमपर्यंत फिरून पॉवर काढते, सुबारू कमी आरपीएमला जोर लावून काढते. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग, आणि गिअरच्या दातावर किती जोर पडतो ते यातल्या टॉर्कवर ठरतं.

आता हीच सुबारू रिमॅप करून ३०० हॉर्सपॉवर केली. ट्यूनरने (रिमॅप करणाऱ्याने) ३५०० आरपीएमला ४५० न्यूटन मीटर दिले आणि वर जाऊन टॉर्क उतरवला, तरी ५५०० ला ३०० हॉर्सपॉवर भरतात. आणि खाली टॉर्क ३९० च्या आसपास धरून ठेवला तरी ५५०० ला तेवढेच ३०० भरतात! डायनोच्या (पॉवर मोजायच्या यंत्राच्या) कागदावर मोठा आकडा एकच, पण दातांवरचा जास्तीत जास्त भार साधारण तेरा टक्क्यांनी कमी. म्हणून रोज चालवायच्या गाडीत मी ट्यूनरला सगळ्यात आधी हेच सांगेन, की खालचा धक्का कमी कर, बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) हळू चढू दे.

दात तुटतात कसे तेही बघण्यासारखं आहे. गिअरबॉक्समध्ये दोन शाफ्ट समांतर असतात आणि त्यांच्यावरचे गिअर एकमेकांत अडकलेले. टॉर्क तोच ठेवला आणि गिअरची त्रिज्या वाढवली तर दातावरचा जोर कमी होतो, लांब दांड्याचा पाना घेतला की नट कमी जोरात सुटतो तसंच. म्हणजे दोन शाफ्टमधलं अंतर जितकं जास्त तितके गिअर मोठे, दात जाड, आणि गिअरबॉक्स दमदार. पण गोष्ट इथेच संपत नाही. दातांच्या बाजू उतरत्या असल्याने ते एकमेकांना नुसते फिरवत नाहीत, दूरही ढकलतात, म्हणजे शाफ्ट एकमेकांपासून दूर जायला बघतात, त्यात दात तिरके घासलेले असल्याने शाफ्टच्या लांबीच्या दिशेनेही जोर पडतो आणि अॅल्युमिनियमची केसिंगही किंचित ताणली जाते. मग जो भार दाताच्या पूर्ण रुंदीवर पसरायला हवा तो एका कडेवर येतो, आणि तिथून बारीक तडा सुरू होतो. तो तडा लगेच कळत नाही, गाडी महिनोन्महिने मस्त चालते आणि एक दिवस ओव्हरटेक करताना आवाज येतो.

वरच्या गिअरमध्ये हे जास्त का होतं, तर पहिल्या गिअरमध्ये इंजिन इतकं झटकन वर जातं की टर्बोला पूर्ण बूस्ट करायला वेळच मिळत नाही. तिसऱ्या-चौथ्यात मिळतो, आणि भार टिकतोही जास्त वेळ. त्यात ही सुबारू ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे ताकद चारही चाकांना. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत क्लच झटक्यात सोडला तर टायर घसरतात आणि धक्का तिथे जिरतो, इथे चारही टायर रस्ता धरून बसतात, मग धक्का जातो गिअरबॉक्सला.

मग एसटीआयचा, म्हणजे याच गाडीच्या जास्त ताकदवान मॉडेलचा, सहा गिअरचा गिअरबॉक्स बसवावा का? कंपनीने २००४ मध्ये अमेरिकेत तो ४०७ न्यूटन मीटरच्या इंजिनामागे दिला, तेव्हा तेवढा भार त्याला नवा नाही. पाचवाला नंतर सुधारत सुधारत २००९ च्या डब्ल्यूआरएक्समध्ये ३३१ पर्यंत कंपनीनेच वापरला. मी या दोन आकड्यांमधूनच विचार करतो: साडेतीनशेच्या आत राहणार असाल तर पाचवाला ठेवा आणि नीट वागवा, चारशेकडे जाणार असाल तर सहावाला घ्या.

सहावाल्यात गिअरचे रेशो एकमेकांच्या जवळ आहेत, हा टर्बोला खरा फायदा. पाचवाल्यात पहिल्याचा रेशो ३.४५४ आणि दुसऱ्याचा १.९४७, म्हणजे ६००० ला बदलला की आरपीएम साधारण ३३८० वर पडतो. सहावाल्यात ३.६३६ वरून २.३७५, पडतो ३९०० च्या आसपास, बूस्ट हातातून जात नाही. पण हायवेला शांत पळेल आणि पेट्रोल वाचेल या आशेने घेऊ नका, त्याचा सहावा गिअर जुन्याच्या पाचव्यापेक्षा लांब नाहीये, म्हणजे त्याच वेगाला आरपीएम कमी होत नाही. ट्रॅफिकमध्ये हात मात्र जास्त चालवावा लागतो.

आणि नुसता गिअरबॉक्स आणून भागत नाही! जुन्या पाचवाल्यात पुढचा डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) ३.९० रेशोचा, आणि मागे जाणारा शाफ्ट १.१ च्या गिअरमधून जातो म्हणून मागचा ३.५४५. सहावाल्यात तो मधला गिअर १:१, तेव्हा मागेही ३.९० च लागतो. जुना मागचा डिफरन्शियल तसाच ठेवला तर पुढची आणि मागची चाकं दहा टक्के वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतील आणि पुढे-मागे ताकद वाटणारा मधला डिफरन्शियल तापून संपेल. त्या मधल्या डिफरन्शियलला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरही लागतो. बजेट काढताना हे सगळं धरा.

स्ट्रेट कट (सरळ दातांचे) गिअर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने ढकलत नाहीत, पण सतत किंचाळतात, ऑफिसला रोज जायच्या गाडीत मला ते नको. डॉग बॉक्स (सिंक्रो नसलेला, रेसिंगचा गिअरबॉक्स) तर ट्रॅफिकसाठी नाहीच. क्लच घेताना स्प्रिंगवाली प्लेट घ्या, बिनस्प्रिंगची झटका सरळ दातांपर्यंत पोचवते आणि सिग्नलला गाडी हिसके खाते ते वेगळंच.

जुना गिअरबॉक्स विकत घेताना ड्रेन प्लग उघडून त्याचं मॅग्नेट बघाच. त्यावर काळपट राखाडी, मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज, बोटाने चोळली तर गुळगुळीत लागते. पण बोटाला टोचणारा चमकदार तुकडा लागला, कितीही बारीक असू दे, तर विकणारा काहीही सांगो, तो गिअरबॉक्स घेऊ नका.