बुडू म्हटलं तरी न बुडणारं पिल्लू

पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना सागरी पाणमांजराच्या पिल्लाची गत चटकन कळेल. डबा असला की बुडी मारता येत नाही. डोकं खाली घातलं तरी पाठ वरच राहते. हे पिल्लू तर डबा बांधूनच जन्माला येतं.

हा डबा म्हणजे त्याच्या अंगावरची पिवळसर-भुरी, कापसासारखी फुललेली लोकर. तिच्यात एवढी हवा कोंडलेली असते की पिल्लू बुचासारखं तरंगतं. आई तासन्‌तास त्याला छातीवर घेऊन चाटते, लोकर विंचरते, फुंकर घालून फुलवते. बघणाऱ्याला ते लाड वाटतात. खरं तर ती हवा भरत असते. मग पिल्लाला पाण्यावर सोडून ती शिंपले नि खेकडे शोधायला तळाशी जाते. तेवढ्या वेळात पिल्लू वाहून जाऊ नये म्हणून कधीकधी त्याला केल्प या लांबलचक समुद्री शेवाळाच्या पट्ट्यांत गुंडाळून ठेवते. आई दिसेनाशी झाली की ते गळा काढतं, पण बुडत मात्र नाही.

हवेची एवढी उठाठेव का? सील आणि देवमाशांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, तसा या प्राण्याला नाही. कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या गारठ्यात त्याला तगवते ती फक्त फर. दाट जागी एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे दीड लाख केस. आपल्या अख्ख्या डोक्यावर मिळून लाखभर असतात! वरचे राठ केस पाणी अडवतात, आतली मऊ लव हवा धरून ठेवते, आणि कातडी शेवटपर्यंत कोरडी राहते. तरीही ऊब पुरत नाहीच. शरीराची भट्टी पेटती ठेवायला रोज वजनाच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाइतकं खावं लागतं.

उताणं तरंगणं याच हिशोबातलं. पंजांवर फर विरळ, म्हणून ते पाण्याबाहेर, छातीवर कोरडे धरायचे. पोटाचं ताट करायचं, त्यावर दगड ठेवून शिंपला आपटायचा. फुप्फुसंही तेवढ्याच आकाराच्या जमिनीवरच्या प्राण्याच्या अडीचपट, त्यामुळे वर राहायला फारसे कष्ट पडत नाहीत. झोपेत हात धरून तरंगणाऱ्या जोडीचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. तो व्हँकुव्हरच्या मत्स्यालयातला. खुल्या समुद्रात हातापेक्षा केल्पचा आधार जास्त. (मांडवीच्या खारफुटीतली आपली पाणमांजरं मात्र पालथी पोहतात. कुळ एक, चाल वेगळी.)

फरमधली हवा गेली की सगळंच संपतं. मार्च १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं. सांडलेल्या तेलाने पाणमांजरांचे केस चिकटले, थंड पाणी थेट कातडीला भिडलं. अंग चाटून साफ करायला गेली, तर तेल पोटात गेलं. हजारावर पाणमांजरं मेली असावीत असा अंदाज आहे.

पिल्लाचा डबा सुटतो तो रंग बदलताना. साधारण तीन महिन्यांचं होईतो भुरी लोकर झडते, खालून गडद तपकिरी फर येते. पुढे वय वाढेल तसं डोकं फिकट पडत जातं. काही म्हाताऱ्यांचं तर पार पांढुरकं होतं, आणि पाण्यावर नेमकं तेच दिसत असल्याने वयाचा थोडाफार अंदाज लांबूनही येतो.

गडद फर आली म्हणून पिल्लू लगेच शिकारी होत नाही. तळ गाठायलाच कित्येक आठवडे जातात. आणि पहिल्यांदा तळाशी पोचल्यावर ते मोठ्या हौसेने वर काय आणतं? गोटे, नाहीतर एखादा भडक रंगाचा तारामासा. खाण्याच्या दृष्टीने दोन्ही कुचकामी.