बॅटरी शंभर टक्के, तरी फोन बंद का पडतो?

पडद्यावर बॅटरी शंभर टक्के भरल्याचे दिसते, चार्जर काढून फोन खिशात जातो, आणि थोड्या वेळाने कॅमेरा उघडताच किंवा कुणाला फोन लावताच पडदा एकदम काळा होतो. ‘फुल चार्ज दाखवतंय की, आणि फोटो काढायला गेलं की बंद पडतंय बघा,’ ही तक्रार बेळगावच्या खडेबाजारापासून निपाणी-खानापूरपर्यंतच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत नेहमीच ऐकू येते. कणकुंबी किंवा जांबोटीकडून बसने शहरात येणाऱ्या माणसाचा या एका कामात अख्खा दिवस मोडतो, आणि चुकीचे निदान झाले तर नको त्या भागावर पैसेही जातात. खरे तर या दोषाचे बरेचसे निदान घरबसल्या, एकही स्क्रू न उघडता करता येते. मात्र त्यासाठी पडद्यावरचा तो टक्केवारीचा आकडा नेमके काय सांगतो हे आधी समजून घ्यायला हवे.

फोनमधील एक छोटी चिप बॅटरीत किती विद्युतभार शिरला आणि किती बाहेर पडला याची सतत मोजणी करते, तिला व्होल्टेजच्या (विद्युतदाबाच्या) आणि तापमानाच्या नोंदींची जोड देते आणि त्यावरून टक्केवारीचा अंदाज बांधते. हा आकडा म्हणजे बॅटरीत आज जेवढे मावते, त्याच्या तुलनेत किती साठा शिल्लक आहे, याचे अनुमान होय. तो साठा बॅटरी किती जोराने बाहेर देऊ शकेल, याबद्दल हा आकडा काहीही सांगत नाही. म्हातारा बैल पोटभर कडबा खाऊन गोठ्यात उभा असला, म्हणून भरलेली गाडी चढावर ओढेलच असे नाही. साठा आणि ताकद यांतला हा फरकच या दोषाच्या मुळाशी आहे.

आजच्या सर्व स्मार्टफोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी कंपनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्या जडणघडणीतील मूलभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, धातूच्या ऑक्साइडच्या थरातून निघून ग्राफाइटच्या थरात जाऊन बसतात आणि फोन वापरताना ते उलट दिशेने परततात. ग्राफाइटच्या पृष्ठभागावर पहिल्याच चार्जिंगच्या वेळी एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा आवश्यकच असतो, कारण आयन ज्यातून ये-जा करतात त्या आतील द्रवाचे पुढील विघटन त्याच्यामुळे थोपते. पण बॅटरी जसजशी वापरली जाते आणि तापते, तसतसा तो जाड होत जातो, उपयोगी लिथियम त्यात अडकून पडते आणि आयनांची ये-जा कठीण होते. पहिल्या परिणामामुळे बॅटरीत मावणारा साठा घटतो. दुसऱ्यामुळे तिचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. लोकांना साठा घटल्याचे लगेच जाणवते, कारण फोन पूर्वीसारखा दिवसभर पुरत नाही. रोध वाढल्याचे मात्र फोन अचानक बंद पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

थोडा हिशेब केला की चित्र स्पष्ट होते. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचे व्होल्टेज, तिच्या प्रकारानुसार, साधारण ४.२ ते ४.४५ व्होल्ट असते. उदाहरणादाखल ४.३ व्होल्ट धरू. कॅमेरा, फ्लॅश, प्रोसेसर आणि टॉवरशी संपर्क ठेवणारा रेडिओ यांनी एकाच क्षणी मिळून ३ अ‍ॅम्पिअर विद्युतप्रवाह मागितला, आणि नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१ ओहम असला, तर ओहमच्या नियमाने (प्रवाह गुणिले रोध) ०.३ व्होल्ट आतल्या आतच खर्च होतात. फोनला ४ व्होल्ट मिळतात आणि काम निर्वेध चालू राहते. आता बॅटरी जीर्ण झाली आणि रोध ०.३५ ओहमवर गेला असे समजा. तेवढ्याच मागणीला १.०५ व्होल्ट आत खर्च होऊन फोनच्या वाट्याला जेमतेम ३.२५ व्होल्ट येतात. फोनमधील विद्युतपुरवठा सांभाळणारी चिप ठरावीक मर्यादेच्या खाली व्होल्टेज गेले की सगळे बंद करते, आणि ही मर्यादा बहुधा ३ ते ३.४ व्होल्टच्या दरम्यान असते. साठा शंभर टक्के असूनही त्या एका क्षणी फोनच्या दृष्टीने बॅटरी रिकामी ठरते. बॅटरी अर्धी उतरल्यावर मूळ व्होल्टेजच कमी असल्याने हा धोका आणखी वाढतो. म्हणून असे फोन सुरुवातीला चाळीस-पन्नास टक्क्यांवर बंद पडू लागतात, आणि दुखणे वाढले की ऐंशी, नव्वद, शेवटी शंभरावरही.

खानापूर तालुक्यातील जंगलपट्ट्यात हा दोष अधिक का जाणवतो, याचेही उत्तर याच हिशेबात आहे. टॉवर दूर असला की फोनला आपला संदेश तिथवर पोचवण्यासाठी अधिक जोराने प्रक्षेपण करावे लागते. ४जी वर फोनची प्रक्षेपणशक्ती सामान्यतः २०० मिलिवॅटच्या पुढे जात नाही, परंतु ४जी पोचत नसल्यामुळे फोन ९०० मेगाहर्ट्झच्या २जी वर उतरला, तर ती २ वॅटपर्यंत जाऊ शकते. २जी मधील प्रक्षेपण सलग नसते. ते सेकंदाच्या सुमारे सतराशेव्या भागाएवढ्या छोट्या-छोट्या झटक्यांनी होते आणि प्रत्येक झटक्याला बॅटरीकडून मोठा प्रवाह ओढला जातो. बेळगाव शहरातील टिळकवाडीत दिवसभर नीट चालणारा फोन भीमगडच्या जंगलाच्या बाजूच्या एखाद्या वाडीत पहिल्याच कॉलला बंद पडत असेल, तर फोन लहरी झाला असे समजण्याचे कारण नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरच्या या भागात डिसेंबर-जानेवारीतील पहाट चांगलीच गार असते, आणि थंडीत आयनांची हालचाल मंदावून रोध तात्पुरता वाढतो. नव्या बॅटरीला याचे काहीच वाटत नाही; जुनी मात्र नेमकी अशाच सकाळी दगा देते.

आणखी एक लक्षण पुष्कळांना सुखद वाटते आणि म्हणून दुर्लक्षित राहते. फोन पूर्वीपेक्षा फार लवकर चार्ज होऊ लागतो. चार्जिंगच्या वेळी हाच वाढलेला रोध उलट परिणाम घडवतो: बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज प्रत्यक्ष साठ्याच्या मानाने जास्त दिसते, ठरलेली वरची मर्यादा लवकर गाठली जाते, आणि मुळात मावणारा साठाही कमी झालेला असल्याने टक्के भराभर चढतात. जुना फोन तासाभराऐवजी पंचवीस मिनिटांत ‘फुल’ होऊ लागला, तर ती बॅटरी बदलण्याची वेळ जवळ आल्याची खूण आहे.

हा दोष स्वस्त किंवा नकली फोनपुरता मर्यादित नाही. आयफोन ६एस च्या काही संचांमध्ये असाच प्रकार घडू लागल्यावर अ‍ॅपल कंपनीने नोव्हेंबर २०१६ मध्ये त्या फोनच्या बॅटऱ्या मोफत बदलून देण्याची योजना जाहीर केली. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१५ मध्ये बनलेल्या त्या बॅटऱ्यांचे काही भाग जुळणीपूर्वी गरजेपेक्षा जास्त काळ हवेच्या संपर्कात राहिले होते, असे कारण कंपनीने दिले. पुढे आयओएस या आयफोनच्या कार्यप्रणालीच्या जानेवारी २०१७ मधील १०.२.१ या आवृत्तीत जुनी बॅटरी असलेल्या फोनचा प्रोसेसर मोठ्या मागणीच्या वेळी मुद्दाम मंद करण्याची सोय घातली गेली, पण ती वापरकर्त्यांना नीट सांगितली गेली नाही. त्यावरून वादळ उठल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला; फ्रान्समध्ये तर फेब्रुवारी २०२० मध्ये तिला अडीच कोटी युरोचा दंड झाला. तांत्रिकदृष्ट्या तो उपाय बरोबर होता, कारण मागणी कमी केली की व्होल्टेज कोसळत नाही. ग्राहकापासून तो लपवणे मात्र चूकच होते, कारण साधी बॅटरी बदलून ज्यांचे काम भागले असते, त्यांनी फोन म्हातारा झाला असे समजून नवा घेतला.

आता प्रत्यक्ष निदानाकडे वळू. माझ्या मते सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे फोन कसा बंद होतो हे बारकाईने पाहणे. पडद्यावर ‘बंद होत आहे’ असा संदेश किंवा नेहमीचे चित्र येऊन फोन रीतसर बंद होत असेल, तर तो सॉफ्टवेअरच्या आज्ञेने बंद होत आहे. मग फोन फार तापला आहे का, सेटिंगमध्ये ठरावीक वेळी आपोआप बंद होण्याची वेळ कुणी लावून ठेवली आहे का, हे पाहावे. फोन बंद न राहता पुन्हा पुन्हा स्वतःच चालू होत असेल, तर एखादे अ‍ॅप, बिघडलेले अपडेट किंवा कव्हरमुळे दाबले जाणारे पॉवर बटण यांचा संशय घ्यावा. परंतु दिवा विझावा तसा एका क्षणात पडदा काळा झाला, नंतर बटण दाबूनही काही होईना, आणि चार्जर लावताच फोन पुन्हा भरपूर टक्के दाखवत उठला, तर बहुतेक वेळा व्होल्टेज कोसळलेले असते. बॅटरीच्या आत एक संरक्षक सर्किट असते. व्होल्टेज फार खाली गेले किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ते बॅटरीचा संबंध तोडते, आणि पुष्कळ वेळा चार्जर लागेपर्यंत तो पुन्हा जोडत नाही.

यानंतरची चाचणीही सोपी आहे. बॅटरीचे व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात. फोन पूर्ण चार्ज करावा, चार्जर काढावा, थोडा वेळ तसाच ठेवावा आणि आकडा वाचावा; समजा तो ४३००, म्हणजे ४.३ व्होल्ट, आला. मग पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून, टॉर्च लावून, एखादा मोठा खेळ किंवा व्हिडिओ चालू करून लगेच पुन्हा वाचावे. चांगली बॅटरी थोडीशी खाली येऊन तिथे टिकून राहते. आकडा पाहता पाहता ३६०० च्या आसपास उतरला आणि काम थांबवताच परत वर चढला, तर बॅटरीचा रोध वाढला आहे किंवा बॅटरी आणि फोनचा मुख्य सर्किट बोर्ड यांच्यामधला जोड सैल झाला आहे, एवढे नक्की. अ‍ॅप दर क्षणाची नोंद घेत नसल्याने याहून खोल पण क्षणिक घसरण त्यात दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे. हेच सारे चार्जर लावलेला असताना करून पाहावे: चार्जरवर फोन तासन्‌तास धडधाकट चालतो आणि काढताच कोलमडतो, असे असेल तर बॅटरीवरचा संशय पक्का होतो. चार्जरवर असतानाही तो बंद पडत असेल, तर दुसऱ्या चांगल्या चार्जरने आणि केबलने एकदा पाहून मगच बोर्डातील बिघाडाचा विचार करावा. आयफोनमध्ये, आयओएस ११.३ पासून पुढे, सेटिंगमध्ये बॅटरीचे आरोग्य टक्क्यांत पाहता येते. काही अँड्रॉइड फोनमध्येही अशी सोय आहे.

अँड्रॉइडमध्ये सेफ मोड नावाची सोय असते. तीत नंतर टाकलेली सर्व अ‍ॅप झोपलेली राहतात. त्या अवस्थेत फोन नीट चालला तर दोष अ‍ॅपचा, आणि तिथेही बंद पडला तर बहुधा यंत्रातील. फोन फॉरमॅट मारणे, म्हणजे त्यातले सगळे पुसून टाकणे, हा मात्र पहिला उपाय असता कामा नये. अनेक दुकानांत तोच आधी केला जातो, घरच्यांचे फोटो आणि हिशेब जातात, आणि जीर्ण बॅटरीवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. बॅटरी एकदा पूर्ण उतरवून पुन्हा पूर्ण भरल्याने टक्केवारी मोजणारी चिप कधी कधी ताळ्यावर येते. आकडा अचानक सत्तरावरून तिसावर उडी मारत असेल, तर हा प्रयोग एकदा करून पाहायला हरकत नाही. मात्र तो वारंवार केल्यास बॅटरीचे नुकसानच होते. बॅटरी फ्रिजमध्ये ठेवण्याने काही साधत नाही, उलट बाहेर काढताच तिच्यावर बाष्प जमते.

बाष्पाचा मुद्दा आपल्याकडे वेगळाच महत्त्वाचा आहे. चोर्ला घाटाकडच्या पट्ट्यात पावसाळ्यात महिनोन्‌महिने हवा ओली असते, आणि एकदा उघडून नीट न चिकटवलेल्या फोनमध्ये ही ओल सहज शिरते. बॅटरीच्या जोडावर हिरवट-पांढरा थर धरला की तिथेच रोध वाढतो आणि बॅटरी चांगली असूनही फोन तसाच बंद पडतो. म्हणून पूर्वी एकदा उघडलेला किंवा जोरात पडलेला फोन असेल, तर कारागिराला नवी बॅटरी घालण्यापूर्वी जोड साफ करून नीट बसवून पाहायला जरूर सांगावे.

फोनची पाठ फुगलेली दिसली किंवा पडदा एका बाजूने उचलला गेला, तर मात्र कोणतीही चाचणी करू नये. ती बॅटरी आतून वायू सोडत असते. तिला चार्जिंगला लावू नये, दाबू नये, टोचू नये, फोन बंद करून सरळ कारागिराकडे न्यावा.

बॅटरी बदलताना शक्यतो कंपनीच्या अधिकृत केंद्रातून घ्यावी. बाहेरून घ्यायची झाल्यास भारतीय मानक ब्युरोची आयएस १६०४६ ही खूण आणि नोंदणी क्रमांक पाहावा, आणि उत्पादनाची तारीख आवर्जून पाहावी, कारण लिथियम-आयन बॅटरी वापरली नाही तरी नुसत्या पडून राहण्यानेही जीर्ण होते. मूळ बॅटरीच्या आकारात तिच्या दीडपट क्षमता छापलेली बॅटरी सरळ नाकारावी. नवी बसवल्यावर वरची मिलिव्होल्टची चाचणी दुकानातच करून घ्यावी. तेव्हाही आकडा तसाच कोसळत असेल, तर दोष जोडात किंवा बोर्डावर आहे, आणि त्याचे पैसे वेगळे ठरवण्याआधी जुनी बॅटरी परत मागता येते. ती चांगली नसेल तर घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ती दुकानात किंवा सेवा केंद्रातच जमा करावी.