दूधवाहू रेल्वे वाघिणी

दूध नासण्याच्या आत गावाकडून मोठ्या शहरात पोचवण्यासाठी बांधलेल्या रेल्वे वाघिणी (मालडबे). आरंभी त्या म्हणजे दुधाचे कॅन ठेवायचे हवेशीर डबे होते. पुढे उष्णतारोधक टाक्या आल्या.

ब्रिटनमध्ये १८६५च्या सुमारास गुरांच्या साथीने लंडनमधील गोठे ओस पडले आणि शहराला खेड्यांतले दूध रेल्वेने आणावे लागले. ते १७ गॅलनच्या (सुमारे ७७ लिटर) निमुळत्या कॅनांतून येई. भरलेला कॅन उचलणे एकट्याचे काम नव्हते. हमाल तो तिरका करून बुडाच्या कडेवर फिरवत फलाटावरून नेत. डब्यांच्या भिंती फळ्यांत फटी ठेवून केलेल्या असत, कारण गाडीच्या वेगाने आत घुसणारा वारा हीच काय ती थंडाई.

१९२७मध्ये आतून काचेचे अस्तर दिलेल्या टाकी-वाघिणी धावू लागल्या. एकीत सुमारे ३,००० गॅलन, म्हणजे साडेतेरा हजार लिटरांहून अधिक दूध मावे. दुधाला उशीर परवडत नसल्याने या वाघिणी सवारी गाडीच्या वेगाने पळवाव्या लागत, आणि त्या वेगात चार चाकांची वाघीण फार हेलकावे खाई. म्हणून लवकरच सहा चाकांची रचना रूढ झाली. रस्त्यावरच्या टँकरांनी १९८०च्या आसपास ही वाहतूक संपवली.

भारतात १९४५च्या मुंबई दूध योजनेने आणंदचे दूध सुमारे ४२७ किमीवरच्या मुंबईत रेल्वेने आणले. १९७०मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ या देशव्यापी दुग्धविकास योजनेने महानगरे दूरच्या दूध-उत्पादक भागांशी जोडली, तेव्हा बिनगंज पोलादाच्या (स्टेनलेस स्टील) टाक्या रुळांवर आल्या. या टाकीत शीतयंत्र नसते. दूध भरण्याआधीच सुमारे ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात. टाकीचे आवरण ती थंडी टिकवते, एवढेच. एका वाघिणीत साधारण ४०,००० लिटर दूध जाते. २०२०च्या टाळेबंदीत आंध्रातल्या रेणिगुंट्याहून दिल्लीला निघालेली ‘दूध दुरंतो’ ही गाडी याच परंपरेतली.

गोव्यात रेल्वे जुनी असूनही दुधाच्या वाघिणींना वाव मिळाला नाही. मुरगाव बंदर ते कॅसलरॉक हा मीटरगेज मार्ग १८८८पर्यंत पूर्ण झाला, पण त्याची मांडणी बंदराच्या मालासाठी होती. १९५५मध्ये पोर्तुगीज गोवा आणि भारत यांच्या सीमेवर ही वाहतूक बंद पडली आणि मुक्तीनंतरच पुन्हा सुरू झाली. मार्ग ब्रॉडगेज व्हायला १९९०चे दशक उजाडले. तोवर घाटातून येणारे टँकर सरावाचे झाले होते.

खरे कारण मात्र अंतराचे आहे. वाघीण परवडते ती शेकडो किलोमीटर आणि हजारो लिटर असतील तेव्हा. गोव्याची गरज मुंबई-दिल्लीच्या मानाने थोडी, आणि कोल्हापूर-बेळगावचा दुधाळ टापू रस्त्याने काही तासांवर. तेवढ्यासाठी टँकरमधून वाघिणीत आणि वाघिणीतून पुन्हा टँकरमध्ये दूध ओतत बसण्यात वेळही जातो आणि दूध बिघडण्याची धास्तीही वाढते. शिवाय ‘गोवा डेअरी’चा प्रकल्प फोंड्याजवळ कुर्टीला आहे, आणि फोंड्याला रेल्वेच नाही. कोकण रेल्वेवर १९९९पासून कोलाड ते वेर्णे भरलेले ट्रकच रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून आणण्याची रो-रो सेवा सुरू झाली. तिच्यात माल उतरवून पुन्हा भरावा लागत नाही.