मॅच फी समान झाली, पगार नाही

2025 च्या नोव्हेंबरात हरमनप्रीतच्या संघानं नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर येतं: "आता मुलींनाही मुलांइतकाच पगार मिळतो." नाही मिळत. मॅच फी सारखी झाली आहे, आणि मॅच फी म्हणजे पगार नव्हे.

फी सगळ्यांना ठाऊक आहे. अंतिम अकरात आलात की कसोटीचे 15 लाख, वनडेचे 6, टी-ट्वेन्टीचे 3. ऑक्टोबर 2022 मध्ये बीसीसीआयनं हेच दर महिलांना लावले. त्याआधी त्यांना वनडेला 1 लाख मिळत, म्हणजे निर्णय मोठाच होता. पण मथळे आले 'समान वेतन' असे, आणि तो शब्द अजून पुसला गेलेला नाही. मला तो खटकतो, कारण त्यामुळे पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही.

फी ही रोजंदारी आहे. पगार म्हणायचाच तर वार्षिक कराराच्या रकमेला म्हणा. सामना खेळा, राखीव बसा, नाहीतर दुखापतीनं घरी पडून राहा, ती ठरलेली असते. 2024-25 च्या करारांत पुरुषांना ए प्लसचे 7 कोटी, एचे 5, बीचे 3 आणि सीचा 1 कोटी. महिलांना ए श्रेणीत 50 लाख, बीत 30, सीत 10. कर्णधार हरमनप्रीत आणि आपल्या सांगलीची स्मृती मानधना दोघी ए श्रेणीत, तरी त्यांचा करार पुरुषांच्या शेवटच्या श्रेणीच्या निम्मा. पुरुषांच्या संघातही हीच उतरंड आहे: बुमरा आणि सी श्रेणीतला खेळाडू एका सामन्याची सारखीच फी घेतात, 2024-25 च्या करारात मात्र सातपट अंतर होतं.

आयपीएल-डब्ल्यूपीएलच्या बोली यात मिसळू नका. तो पैसा फ्रँचायझीचा.

आणि रोजंदारीचा दर सारखा असला तरी काम किती दिवस मिळतं हे बघायला हवं. 2024 मध्ये पुरुष 15 कसोट्या खेळले. सगळ्या खेळणाऱ्याची नुसती फी 2 कोटी 25 लाख. महिलांना त्या वर्षी एकच कसोटी मिळाली, चेन्नईत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. शफाली वर्मानं तिथे 205 धावा काढल्या. तिची वर्षभराची कसोटी फी झाली 15 लाख.