बालहत्या प्रतिबंधक गृह

विधवेच्या अथवा अविवाहित स्त्रीच्या नवजात अपत्याची लोकलज्जेपोटी होणारी हत्या टळावी, यासाठी मातेला गुप्तपणे बाळंत होण्याची आणि मूल मागे ठेवून जाण्याची सोय करणारी संस्था. महाराष्ट्रातील अशा गृहांपैकी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घराच्या आवारात काढलेले गृह सर्वांत जुने मानले जाते.

त्याच्या स्थापनावर्षाबद्दल एकमत नाही. बहुतेक चरित्रकार १८६३ हे वर्ष देतात, तर काही लोकप्रिय लेखनात २८ जानेवारी १८५३ अशी नेमकी तारीख आढळते. या संदर्भातील महत्त्वाचा पुरावा म्हणजे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयीच्या टिपणांवर जोतीरावांनी डिसेंबर १८८४ मध्ये नोंदविलेले मत. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेने शेजारच्या शास्त्र्यापासून झालेले मूल मारले, तिला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि तो खटला संपताच आपण हे गृह काढले, असे जोतीराव सांगतात. तिची रवानगी अंदमानात झाली ही परंपरा ग्राह्य धरली, तर १८५३ हे वर्ष टिकत नाही. कारण तेथील बंदिवसाहत १८५८ मध्ये सुरू झाली. त्यामुळे १८६३ च्या सुमाराचा काळ अधिक संभवनीय वाटतो. जोतीरावांचा दत्तक पुत्र यशवंत याच्या मातेचे नावही काशीबाई असेच दिले जाते. या दोघींची अनेकदा गल्लत होते; परंतु यशवंताचा जन्म साधारणतः १८७३–७४ चा मानला जात असल्याने त्या भिन्न होत्या, हे उघड आहे.

गृहाच्या छापील जाहिराती पुण्यात ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर लावल्या होत्या. मूल बरोबर न्यावे की ठेवावे, हा निर्णय मातेवर सोपविलेला होता. १८८४ पर्यंत तेथे ३५ विधवा बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली. गर्भपातासाठी आधीच घेतलेल्या विषारी औषधांना जोतीरावांनी या मृत्यूंचे कारण मानले आहे.

पंढरपूर येथे १८७५ च्या सुमारास लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने व प्रार्थना समाजाच्या आश्रयाने असेच गृह निघाले. यात्रेच्या निमित्ताने दूरदूरच्या विधवा तेथे येत व अर्भके टाकून दिली जात. स्थाननिवडीमागे हे कारण असावे. पुढे त्यातूनच तेथील बालकाश्रम वाढला.

१८७० च्या स्त्रीबालहत्याविरोधी कायद्याशी या गृहांचा थेट संबंध जोडणे बरोबर नाही. तो कायदा काही विशिष्ट जातिकुळांत मुलींना जन्मतःच मारण्याच्या रूढीविरुद्ध होता. विधवेने केलेली अर्भकहत्या १८६२ पासून लागू झालेल्या भारतीय दंडसंहितेखाली सामान्य खून ठरे. जन्म लपविणे आणि बारा वर्षांखालील मूल टाकून देणे यांसाठी निराळी कलमे होती. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी या विधवेला अशाच गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा सुनावली गेली व नंतर ती सौम्य करण्यात आली. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) हा निबंध या प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर लिहिला गेला. धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) या परंपरेत गणला जातो खरा, पण त्याचा हेतू विधवांना आश्रय व शिक्षण देण्याचा होता.

सध्याच्या बाल न्याय अधिनियमानुसार (२०१५) पालकांना मूल बालकल्याण समितीपुढे स्वाधीन करता येते आणि फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते.