मालाचे फोटो घरातच काढायचे असतील, तर छोटा कॅमेरा घेण्याआधी

सांगलीतील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दर आठवड्याला दोन-चार जण काउंटरवर येऊन विचारतात, "वेबसाइटवर टाकायला मालाचे फोटो काढायचेत, छोटासा कॅमेरा कुठला घेऊ?" कुणाची हळद असते, कुणाचा बेदाणा, कुणाचे भडंग, कुणी घरबसल्या चांदीचे दागिने विकत असते. बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता लांबचा माणूसही 'सांगलीचीच द्या' म्हणून माल मागवतो, आणि त्याच्या हातात माल पडण्याआधी फोटो पडतो. प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचे लिहून काढले. वाचून कॅमेरा घ्यायचाच नाही असे ठरले तरी आमची तक्रार नाही.

मोबाइल आहे की हातात

व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकाला माल दाखवण्यापुरते काम असेल तर मोबाइल पुरतो, त्यासाठी पैसे घालू नका. त्यात प्रो मोड (सेटिंग हाताने ठरवायची सोय) असेल तर आधी तो वापरून बघा. अडचण दोन ठिकाणी येते. मोबाइलचा मुख्य कॅमेरा रुंद नजरेचा असतो. वस्तू मोठी दिसावी म्हणून आपण तो जवळ नेतो आणि खोक्याची पुढची कड फुगते, मागची कड पळते. दुसरे म्हणजे मोबाइल प्रत्येक फोटो आपल्या मनाने 'सुधारतो'. आज काढलेले पाकीट आणि पंधरा दिवसांनी काढलेले पाकीट शेजारी ठेवले की एकाच चक्कीची हळद दोन गावची वाटते.

कॅमेरा घ्यायचा तो या दोन गोष्टींसाठी: लांब उभे राहून खऱ्या झूमने फोटो काढता यावा, आणि ठरवलेले सेटिंग जसेच्या तसे राहावे. बाकी जाहिरातीत जे ठळक छापलेले असते ते बहुतेक तुमच्या उपयोगाचे नसते.

जवळून नको, लांबून

घरी करून बघा. अर्धा किलोचे पाकीट टेबलावर उभे करा. झूम न करता, वीतभर अंतरावरून एक फोटो काढा. मग मीटरभर मागे या, पाकीट तेवढेच दिसेल इतका झूम करा आणि दुसरा काढा. पहिल्यात पाकिटाचे पोट सुटलेले असेल, दुसऱ्यात ते सरळ उभे असेल. मिरजेच्या तंबोऱ्याचे तर विचारू नका. भोपळ्याच्या बाजूने जवळून काढला की भोपळा रांजणाएवढा आणि दांडी काडीएवढी दिसते. ज्याने महिनाभर खपून तो घडवला त्याला तो फोटो दाखवायची सोय राहत नाही.

गोम अशी की कॅमेऱ्यावर 'मॅक्रो ५ सेंमी' असे छापलेले असते ते झूम न करता. पूर्ण झूम केल्यावर तोच कॅमेरा इतक्या जवळचे टिपू शकत नाही. सोनी आरएक्स१०० मालिकेतल्या तिसऱ्या मॉडेलला झूमच्या टोकाला निदान ३० सेंमी अंतर लागते, कॅननच्या जी७ एक्स मार्क २ ला ४० सेंमी. आरएक्स१०० च्या सहाव्या मॉडेलचा झूम बराच लांब जातो, पण टोकाला पूर्ण मीटरभर मागे यावे लागते. म्हणजे ट्रायपॉड टेबलावरून उतरून खोलीत येतो. महागडे मॉडेल या कामाला सोयीचे असेलच असे नाही, ते असे.

दुकानात आलात की दहा रुपयांचे नाणे काढा. त्याची रुंदी २७ मिलिमीटर. पूर्ण झूम करून, स्पष्ट दिसेल इतक्या जवळ जाऊन फोटो काढा आणि चौकटीच्या रुंदीत अशी किती नाणी शेजारी शेजारी बसतील ते मोजा. पाच बसत असतील तर पाकिटे, बरण्या, खोकी, चपला, सगळे निभते. कानातल्यांसाठी मात्र हिशेब करावा लागतो. २० मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी सुमारे ५४७० पिक्सेल, त्याचा पाचवा भाग ११०० च्या आसपास. अमेझॉनवर गिऱ्हाइकाला फोटो मोठा करून बघता यावा यासाठी एक बाजू किमान १००० पिक्सेलची लागते. म्हणजे नाण्याएवढे कानातले कापून घेतले तरी काठावर पास. मेगापिक्सेल उपयोगी पडतात ते इथे, एवढ्याच कारणासाठी. पाकिटे विकणाऱ्याला १२ मेगापिक्सेलही भरपूर झाले.

याहून बारीक काम असेल, समजा नथीतले मोती किंवा हळदीच्या कांड्याचा काप, तर ऑलिंपसच्या (आता ओएम सिस्टम नावाने येणाऱ्या) टीजी मालिकेसारखा कॅमेरा बघा. त्याची भिंग वस्तूपासून एक सेंमीपर्यंत जाते. अशा वेळी कॅमेऱ्याचीच सावली वस्तूवर पडते, म्हणून उजेड बाजूने द्यावा लागतो.

सेन्सर आणि बाकीचे आकडे

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप. छोट्या कॅमेऱ्यांत त्याची दोन मापे नेहमी भेटतात. '१/२.३ इंच' म्हणजे साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर, तूरडाळीच्या दाण्याएवढा. 'एक इंच' म्हणजे १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढा. एक इंच म्हणतात, पण त्यात कुठलीच बाजू इंचभर नाही. हे नाव जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या व्यासावरून चालत आलेले आहे. मोठ्याचे क्षेत्रफळ लहानाच्या चौपट, त्यामुळे कमी उजेडात दाणेदारपणा कमी येतो. पण आपला माल हलत नाही, कॅमेरा ट्रायपॉडवर आहे, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० ठेवून शटर अर्धा सेकंद उघडे ठेवले तरी चालते. म्हणून लहान सेन्सरवरही घरातले चांगले फोटो निघतात. बजेट बसत असेल तर एक इंची घ्या, नसेल तर कर्ज काढू नका.

एफचा आकडा म्हणजे भिंगेतल्या उजेडाच्या भोकाचे माप, आकडा लहान तितके भोक मोठे. एफ १.८ च्या भिंगासाठी जास्त पैसे मोजू नका. मालाच्या फोटोत पाकीट पुढून मागेपर्यंत स्पष्ट लागते, त्यासाठी ते भोक बारीकच करावे लागते. एक इंचीवर एफ ५.६, लहान सेन्सरवर एफ ४. त्यापुढे बारीक करत गेलात तर चित्र पुन्हा मऊ पडते, हा छोट्या सेन्सरचा स्वभाव आहे. ४के व्हिडिओ, हसरा चेहरा ओळखणे, डिजिटल झूम हे मुलांच्या वाढदिवसाला ठीक.

हव्यातच अशा गोष्टी: एम मोड (सगळी सेटिंग हाताने), स्वतः लावता येणारा व्हाइट बॅलन्स (कुठल्याही उजेडात पांढरे पांढरेच दाखवणारे सेटिंग), ट्रायपॉडचा आटा, दोन सेकंदांचा टायमर (बटण दाबताना बसणारा हिसका टळतो), आणि जमल्यास रॉ फाइल (कॅमेऱ्याने 'न सुधारलेला' कच्चा फोटो).

हळद का फिकट येते, बेदाणा का पिवळा पडतो

आमच्याकडे सर्वात जास्त रडगाणे याचेच येते, म्हणून जरा सविस्तर.

पूर्ण चौकट पिवळी असली की ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटते, उजेडच पिवळा आहे. तो निळ्याची भर घालतो आणि हळद मातकट होते. ते टाळायला रंग वाढवावा तर दुसरे दुखणे सुरू. हळदीत लाल इतके असते की तो रंग सेन्सरवर भरून सांडतो, पुडीचा रवाळपणा जातो आणि रंगपंचमीचा रंग ओतल्यासारखे दिसते. उजेड थोडा कमी धरला की रवा परत दिसतो.

आता ही हळद पांढऱ्या कागदावर ठेवा. कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी राखाडीकडे ओढतो, त्यामुळे पांढरे मळकट येते. कागद पांढरा करायला उजेड वाढवा म्हणावे लागते, हळदीसाठी कमी करा म्हणावे लागते. ऑटोला हे भांडण सुटत नाही. म्हणून एम मोड. हळदीला योग्य तेवढे सेटिंग धरा आणि मागच्या कागदाला वेगळा दिवा द्या. अमेझॉनच्या मुख्य फोटोला मागे निखळ पांढरे लागते आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग भरावा असा नियम आहे. तिथे माल टाकणाऱ्यांनी हा दुसरा दिवा टाळू नये.

बेदाण्याचे उलटे. आमच्या एका ग्राहकाने हिरवा बेदाणा घरातल्या पिवळसर बल्बखाली काढला. फोटोत तो पिवळा आला आणि समोरच्याने पिवळ्याचाच भाव धरला. दोन दिवस फोनवर वाद, शेवटी नमुना कुरिअरने पाठवावा लागला. उपाय साधा आहे: ज्या उजेडात माल काढायचा त्याच उजेडात पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स लावून घ्यायचा. झेरॉक्सचा कागद चालतो, पण त्यात कपड्याला नीळ दिल्यासारखी छटा असते. आमच्याकडचे ग्रे कार्ड (कुठलीही छटा नसलेले राखाडी कार्ड) त्यापेक्षा बरे, आणि ते काही महाग नाही.

उजेड

कॅमेऱ्याच्या बजेटमधून थोडे पैसे दिव्यांसाठी बाजूला ठेवा. आमच्या मते एक मॉडेल खालचे घेतले तरी चालेल, दिवे चांगले घ्या. एकाच जातीचे दोन एलईडी, ५००० ते ५६०० केल्विनचे (म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड), खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर लिहिलेले. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर, समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा. खोलीतली ट्यूब बंद, खिडकीचा पडदा ओढलेला. दोन जातींचे उजेड मिसळले की अर्धी बरणी निळी, अर्धी पिवळी.

दिवे नकोत असे असेल तर उत्तरेची खिडकी. फक्त आपल्याकडे मे ते जुलैमध्ये सूर्य दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, तेव्हा त्या खिडकीतही ऊन डोकावते. पांढरा पातळ पडदा लावा.

फोटोत आडवे पट्टे येत असतील तर कॅमेरा परत आणू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा त्याहून हळू ठेवले की पट्टे जातात. कॅमेऱ्यातला फ्लॅश मालासाठी कधीच वापरू नका. पाकिटावर पांढरा ठिपका आणि मागे काळी सावली, दुसरे काही मिळत नाही.

चांदीवाल्यांसाठी वेगळे सांगतो. चांदीच्या वाटीचा फोटो काढता तेव्हा वाटीत खोलीचाही फोटो निघतो: पंखा, कॅमेरा, तुमचा चेक्सचा शर्ट. वाटीभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू करा, भिंगेपुरते भोक ठेवा, दिवे बाहेरून. पण नुसते पांढरे झाले की चांदी ॲल्युमिनियमसारखी मिळमिळीत दिसते. तंबूच्या आत एका बाजूला काळ्या कार्डशीटची बोटभर पट्टी उभी करा. तिचे प्रतिबिंब वाटीच्या काठावर बारीक काळी रेघ होऊन उमटते आणि घडण उठून दिसते. पट्टी इकडे-तिकडे सरकवत बसण्यात अर्धा तास जातो, तो जाऊ द्या.

जुना कॅमेरा घेताना

मोबाइलमुळे छोटे कॅमेरे निघायचे कमी झाले, त्यामुळे चांगली मॉडेल पुष्कळदा जुन्यातच मिळतात. बाहेरून घेणार असाल तर पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ ८ वर काढून मोठा करून बघा. राखाडी ठिपके दिसले तर आत धूळ आहे. भिंग बाहेर येताना करकरते का, वाकडी तर येत नाही ना, बघा. भिंगेतून उजेडाकडे पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. सांगलीत आणखी एक बघावे लागते: पुरात भिजलेला तर नाही? बॅटरीच्या खणातल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर आणि ट्रायपॉडच्या आट्यात गंज असेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडा.

पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. तांदळात पुरू नका, तांदळाची भुकटी कॅमेऱ्यात जाते.

भुकटीवरून आठवले. छोट्या कॅमेऱ्याची भिंग बाहेर येते आणि आत जाते, आत जाताना हवेबरोबर धूळही ओढते. हळद, मिरचीपूड, बेसन यांचे फोटो काढताना पूड ओतायची असेल तेव्हा कॅमेरा बंद करून खोलीबाहेर ठेवा. पूड बसल्यावर आणा. काढून झाल्यावर भिंग बाहेर असतानाच रबरी ब्लोअरने तिच्या नळकांड्यावरची धूळ उडवा, मगच बंद करा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते आणि पूड चिकटते. हळदीने अडकलेले कॅमेरे दुरुस्तीला येतात, उघडल्यावर आतले दाते पिवळेधमक असतात. अशी दुरुस्ती बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या किमतीला परवडत नाही आणि वॉरंटीत बसत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

येताना काय आणाल

तुमचा माल आणा, हेच मुख्य. आमच्याकडे मागच्या बाजूला टेबल, दोन दिवे आणि पांढरा कागद कायम मांडलेला असतो. तुमचे पाकीट, तुमची वाटी तिथे ठेवून दोन-तीन कॅमेऱ्यांनी फोटो काढा, कार्ड घरी न्या, मोठ्या स्क्रीनवर बघा, घरच्यांना विचारा, मग ठरवा. यासाठी पैसे घेत नाही. सकाळी अकरा ते एक यावे, संध्याकाळी गर्दीत नीट बोलता येत नाही. तंबोऱ्यासारखी मोठी वस्तू असेल तर आधी फोन करा, टेबल काढून जागा करून ठेवू.

आणि हळद आणणार असाल तर कृपया बंद पाकिटात.