अमेरिकेत मॉडेल रॉकेट क्लब काढायचाय? आधी शेत, मग अर्ज

मराठी शाळेतल्या मुलांना घेऊन एका रविवारी मैदानावर एस्टेस कंपनीची चार रॉकेटं उडवली की पुढच्या आठवड्यात कुणीतरी विचारतंच, "आपण क्लबच का नाही काढत?" लगेच दुसऱ्या कुणाच्या तरी कपाळावर आठी पडते: "रॉकेट म्हटलं की एफएए आलं, परवानग्या आल्या. कुणी सांगितलीय नसती भानगड?" गंमत अशी की लहान रॉकेटांसाठी एफएएकडे, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याकडे, जावंच लागत नाही. क्लब अडतो तो जागेपाशी. म्हणून इथे कागद ज्या क्रमाने करावेत असं मला अनुभवाने वाटतं, त्याच क्रमाने सांगतो.

आधी कायद्याचं. एफएएच्या नियमावलीतल्या भाग १०१ मध्ये रॉकेटांचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात, म्हणजे मॉडेल रॉकेटात बसायचं तर इंधन १२५ ग्रॅमपर्यंत आणि तेही सावकाश जळणारं हवं. इंधनासकट वजन १५०० ग्रॅमच्या वर नको. बांधणी कागद, लाकूड किंवा सहज तुटणाऱ्या प्लास्टिकची असावी आणि धातूचे मोठे भाग नसावेत. दुकानात डब्यात मिळणारं जवळजवळ प्रत्येक किट या चौकटीत बसतं. अशा रॉकेटासाठी एफएएची पूर्वपरवानगी लागत नाही. माणसांना, मालमत्तेला आणि विमानांना धोका होणार नाही, ही जबाबदारी मात्र उडवणाऱ्याचीच. राज्याचे आणि गावाचे नियम याहून वेगळे असू शकतात. कॅलिफोर्नियात स्टेट फायर मार्शलची स्वतंत्र नियमावली आहे, तेव्हा तिथे फायर डिपार्टमेंटला फोन केल्याशिवाय एकही रॉकेट पॅडवर चढवू नका. काऊंटीच्या पार्कात उडवायचं असेल तर पार्कच्या ऑफिसात विचारा. अनेक पार्कांत सरळ बंदी असते.

आता जागा. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री ही १९५७ सालची संस्था, सगळे तिला एनएआर म्हणतात. तिच्या सुरक्षा नियमांत कोणत्या मोटरला केवढं मैदान लागतं याचा तक्ता आहे. मोटर म्हणजे रॉकेटात बसवायची इंधनाची नळी, आणि तिची ताकद ए, बी, सी अशा अक्षरांनी सांगतात. एकेक अक्षर पुढे गेलं की कमाल ताकद दुप्पट होते. ए मोटरला मैदानाची सर्वांत लहान बाजू १०० फूट चालते, बीला २००, सीला ४००, डीला ५००. ई, एफ आणि जी मोटरला थेट १००० फूट. म्हणजे शाळेचं फुटबॉलचं मैदान बी मोटरपाशीच संपलं. दर महिन्याला लाँच करायचा आणि मुलं मोठी होतील तशी रॉकेटंही मोठी होणार, हे धरून चाला आणि पहिल्यापासून १००० फुटांच्या हिशेबाने जागा शोधा. हिरवळ विकण्यासाठी पिकवतात ती सॉड फार्म सगळ्यांत उत्तम: सपाट, हिरवी, झाडं नाहीत, आणि रॉकेट कुठे पडलं ते लांबूनही दिसतं. विजेच्या तारा आणि मोठा रस्ता जवळ असेल तर जागा कितीही छान असली तरी सोडून द्या.

शेतमालकाशी बोलताना एक प्रश्न विसरू नका: जमीन खरंच तुम्हीच कसता, की कुणाला भाड्याने दिली आहे? आम्ही तो विचारला नव्हता. मालक हो म्हणाला, आम्ही पुढचे सगळे कागद केले आणि वसंतात जाऊन बघतो तर भाडेकरू शेतकऱ्याने सोयाबीन पेरलेलं. त्याची चूक काहीच नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मोठ्या रॉकेटांसाठी एफएएकडे केलेला अर्ज त्याच शेताच्या अक्षांश-रेखांशावर होता, तोही वाया गेला. त्यामुळे परवानगी लेखी घ्या आणि दोघांच्याही सह्या घ्या. एक पान पुरतं: कोणत्या महिन्यांत, आठवड्याच्या कोणत्या वारी, गाड्या कुठे लावायच्या, पिकात पडलेलं रॉकेट आणायला आत जायचं की नाही, आणि ऐनवेळी नको असेल तर कुणी कुणाला फोन करायचा.

मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुणाला लागलं तर?" एनएआरशी जोडून घ्यायचं ते याचसाठी. स्थानिक क्लबला तिथे सेक्शन म्हणतात. सेक्शनच्या चार्टरसाठी (मान्यतापत्रासाठी) अर्ज करताना सभासदांची आणि पदाधिकाऱ्यांची यादी, जबाबदारी घेणारी प्रौढ व्यक्ती आणि क्लबचे उपनियम तयार ठेवा. उपनियमांचा बाऊ करू नका. मंडळाची घटना लिहिताना जे वाद होतात ते इथे नकोत, दोन पानं खूप झाली. निवडणूक कधी, वर्गणी किती, क्लब बंद पडला तर सामान कुणाचं, एवढं हवं. चार्टर मिळाला की सेक्शनला जागेच्या विम्याचा दाखला काढता येतो आणि त्यात जमीनमालकाचं नाव घालता येतं. ते नाव जमिनीच्या कागदावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहा. जमीन कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीचं नाव. विमा लागू होतो तो सुरक्षा नियम पाळले असतील तरच, ही गोष्ट क्लबात येणाऱ्या प्रत्येक बापाला (हो, गडबड बापच करतात) पहिल्याच दिवशी सांगा. मोठ्या रॉकेटांकडेच कल असेल तर ट्रिपोली ही दुसरी संस्था आहे, तिच्या शाखांना प्रिफेक्चर म्हणतात.

पैशांचे कागद थोडक्यात. बँकेत क्लबच्या नावाने खातं हवं तर आधी राज्यात संस्था नोंदवा, मग आयआरएसकडून, म्हणजे करखात्याकडून, ईआयएन हा संस्थेचा क्रमांक घ्या. तो फुकट मिळतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटच्या नादी लागू नका. ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा दर्जा हवाच असं नाही. देणग्यांवर करसवलत द्यायची असेल आणि वर्षाची जमा ५०,००० डॉलरच्या आत असेल तर १०२३-ईझेड हा छोटा अर्ज आहे, फी २७५ डॉलर. पुढे दरवर्षी ९९०-एन हा छोटा फॉर्म ऑनलाइन भरायचा. पाच मिनिटांचं काम, पण सलग तीन वर्षं विसरलात तर दर्जा आपोआप रद्द होतो. खजिनदार बदलला की हेच विसरलं जातं.

पहिल्या वर्गाच्या मर्यादा ओलांडल्या की एफएए येतं. दुसरा वर्ग म्हणजे हाय पॉवर. त्यासाठी वेव्हर (नियमातून सूट) लागत असेल तर फॉर्म ७७११-२ भरून किमान ४५ दिवस आधी द्यायचा. त्यात अंदाजे किती रॉकेटं, मोटरचा आणि इंधनाचा प्रकार, लाँचर कसा, रॉकेट खाली कसं येणार, जास्तीत जास्त उंची, आणि जागेचे अक्षांश, रेखांश व समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची. उंची थोडी जास्तच धरून मागा, दर वेळी नव्याने मागणं हे जास्त कटकटीचं. शिवाय प्रत्येक लाँचच्या आधी जवळच्या हवाई वाहतूक नियंत्रणाला कळवायचं, तेही २४ तासांहून उशिरा नाही आणि तीन दिवसांहून आधी नाही. म्हणजे शनिवारच्या सकाळच्या लाँचसाठी गुरुवारी फोन करा. उडवणाऱ्याकडे स्वतःचं प्रमाणपत्र हवं: एच आणि आय मोटरसाठी लेव्हल १, जे ते एलसाठी लेव्हल २ (त्याला लेखी परीक्षा आहे), त्यापुढे लेव्हल ३. वयाची अट १८. एनएआरमध्ये १४ ते १७ वयाच्या मुलांसाठी देखरेखीखालची वेगळी सोय आहे.

लाँचच्या दिवशीचा कागद एकच, फ्लाइट कार्ड: नाव, सभासद क्रमांक, रॉकेटचं वजन, मोटर, पॅराशूट की स्ट्रीमर (खाली येताना फडफडणारी पट्टी). सी६-५ असं लिहिलं असेल तर सी ही ताकद, ६ हा सरासरी जोर न्यूटनमध्ये, आणि ५ म्हणजे जळणं संपल्यावर पॅराशूट उघडेपर्यंतचे सेकंद. कार्ड आणि रॉकेट हातात घेऊन रेंज सेफ्टी ऑफिसर पंख हलवून बघतो, मोटर घट्ट बसली आहे ना ते बघतो, आणि मगच सही करतो. त्याची सही नसेल तर क्लबच्या अध्यक्षाचंही रॉकेट पॅडवर चढत नाही. डी मोटरपर्यंत १५ फूट लांब उभं राहायचं, त्यावर ३० फूट. वारा ताशी २० मैलांवर गेला की सामान आवरायचं. बटण दाबूनही रॉकेट उडालं नाही तर सेफ्टी की काढायची आणि पूर्ण ६० सेकंद कुणी जवळ जायचं नाही. पोरं पळतातच, म्हणून हे सेकंद आम्ही मराठीत मोठ्याने मोजतो. साठ येईपर्यंत आकडेही पाठ होतात.

आणि सुट्टीत पुण्या-नाशिकला जाताना भाच्यासाठी रॉकेट न्यायचं असेल तर नुसतं किट न्या. रॉकेटची मोटर विमानात ना केबिन बॅगेत चालते ना चेक-इनमध्ये.